मार्फत कुटुंबप्रमुख

करुणा,

परवा तुझ्या मंडळीनं तुझी स्मरणसभा घेतली. मला पुढच्या ओळीत मधली खुर्ची होती. पांढरी खोळ, पाठीमागे सोनेरी फितीची गाठ. कुठल्यातरी लग्नाच्या मांडवातून आणलेली असावी. तुझ्या पास्टरनं भाषणात तुला तीनदा 'आज्ञाधारक पत्नी' म्हटलं आणि तिन्ही वेळा माझ्याकडे हात केला. माणसं माना वळवून बघत होती. ज्याच्या आज्ञेत ही बाई राहिली तो माणूस दिसतो तरी कसा, हे त्यांना बघायचं होतं. मी जमेल तेवढा तसा दिसायचा प्रयत्न केला.

फ्लेक्सवर तुझ्या फोटोशेजारी पास्टरचा हात जोडलेला फोटो होता, तुझ्यापेक्षा थोडा मोठा. तू असतीस तर म्हणाली असतीस, असू द्या, तो जिवंत आहे, त्याला जागा जास्त लागते.

सभा चालू असताना मला एकच गोष्ट उठून सांगावीशी वाटत होती, की हिनं माझी आज्ञा कधीच पाळली नाही. पाळली ती तिच्या देवाची. तिचं आज्ञापालन माझ्या पत्त्यावर आलं खरं, पण पाकिटावर नाव त्याचं होतं. छत्तीस वर्षांच्या संसारातली शेवटची नऊ वर्षं मी या एका गोष्टीवरून जळत होतो आणि तुला कधी बोललो नाही. तुझा देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवून घेतो, तरी लोक त्याच्यापुढे गुडघे टेकतात. मी गावातला निवृत्त मुख्याध्यापक. मला ते शोभलं नसतं.

आपण दोघंही जुन्या मिशनच्या चर्चातली लेकरं. तान्हेपणी बाप्तिस्म्याचं पाणी कपाळावर शिंपडलं तेव्हा दोघांनीही रडून विरोध नोंदवला होता, असं आपापल्या आयांनी सांगितलेलं. पुढे मी पुस्तकं वाचत वाचत चर्चच्या दाराबाहेर आलो आणि रविवारी उशिरा उठायला लागलो. तू उलट्या दिशेनं गेलीस. जवळा बाजारच्या आरोग्य केंद्रात सिस्टर म्हणून आलीस आणि काही वर्षांनी बाजारामागच्या हळदीच्या जुन्या गोदामात भरणाऱ्या त्या नव्या मंडळीत जायला लागलीस. पास्टर आधी विहिरींच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. ते काम तो चांगलं करायचा, हे मी आजही म्हणेन. आमच्या शाळेची मोटार अजून चालते.

गोदामातली हळद कधीच विकून झाली होती, पण भिंतींतून आणि फरशीच्या भेगांतून तिचा रंग काही गेला नव्हता. रविवारी तू घरी यायचीस तेव्हा तुझ्या पदराच्या टोकाला, गुडघ्याजवळ, पिवळं लागलेलं असायचं. मी ते बघायचो. बायको कुठून आली हे नवऱ्याला माहीत आहे, कोणाला भेटून आली हेही माहीत आहे, आणि तरी त्याची नजर पदराच्या डागावर जाते. अशा माणसाला आपल्याकडे काय म्हणतात ते तुला माहीत आहे.

या मंडळीत दोन गोष्टी पक्क्या होत्या. कपाळावर शिंपडलेलं पाणी चालत नाही; समजत्या वयात, स्वतः मागून, पुरतं पाण्यात बुडावं लागतं. आणि नवरा हा घराचं मस्तक. हे दुसरं, स्वतःला बायको नसलेल्या आणि तंबू शिवून पोट भरणाऱ्या एका माणसानं दोन हजार वर्षांपूर्वी पवित्र शास्त्रातल्या एका पत्रात लिहिलं, आणि ते पत्र थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोचलं. एका संध्याकाळी तुरीच्या शेंगा सोलता सोलता तू मला विचारलंस, मी धरणावर जाऊन बाप्तिस्मा घेऊ का.

मी म्हणालो, मला काय विचारतेस, तू ठरव. आयुष्यभर मी स्त्री-पुरुष समान असं शाळेत शिकवलं. आता घरात परवानग्या वाटत बसू?

तू म्हणालीस, "आमचा डॉक्टर कालपरवा कॉलेजातून आलाय. आडवं मूल त्यानं पुस्तकातच पाहिलंय. पण कागदावर सही त्याची लागते. मी त्याला सर म्हणते अन् काम मला येतं तसं करते. मी लहान झाले का त्यानं?"

तो परीक्षा देऊन आलाय, मी म्हणालो. मी कोणती परीक्षा दिली? पुरुष म्हणून जन्मलो, एवढीच.

"तुमी तर नापासच आहात, गुरुजी. पण खुर्ची तुमचीच आहे, त्याला मी काय करू?" आणि मग शेंगांतून मान वर न काढता, "त्याच पत्रात नवऱ्याला बायकोसाठी जीव द्यायला सांगितलंय. तेवढं वाचायची वेळ आली की सगळ्या पास्टरांचा चष्मा हरवतो."

मी तयार आहे म्हणालो.

"जीव राहू द्या. आधी दळण आणा."

दळण घेऊन आलो तेव्हा मी गमतीत म्हटलं, सरकारी नोकर आहेस, तोंडी काय विचारतेस, रीतसर अर्ज कर. माझी चूक ती. दुसऱ्या दिवशी माझ्या चहाच्या कपाखाली तुझा अर्ज होता. आरोग्य केंद्रातल्या रेघांच्या कागदावर, समास सोडून, तुझ्या त्या औषधांच्या चिठ्ठीसारख्या तिरक्या अक्षरात. विषय: पाण्याचा बाप्तिस्मा घेण्यास परवानगी मिळणेबाबत. मला हसू आलं. मग वरच्या ओळी वाचल्या. 'प्रति' या शब्दापुढे प्रभूचं नाव होतं. माझं पद त्याच्या खाली होतं: मार्फत, मा. कुटुंबप्रमुख.

मी हसायचा थांबलो. तुझ्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही. मी एकवीस वर्षं मुख्याध्यापक होतो. 'मार्फत'चा अर्थ मला कोणी सांगायला नको. मार्फत म्हणजे ज्याच्या टेबलावरून कागद जातो. कागद त्याचा नसतो, त्याला लिहिलेला नसतो, उत्तरही त्यानं द्यायचं नसतं. त्यानं फक्त शिफारस करायची आणि बाजूला सरकायचं. इतकी वर्षं मला वाटत होतं की तू मला विचारतेस. साखर कमी घालू का, आपल्या लेकीला, नीताला, नांदेडला शिकायला ठेवू का, आईकडे जाऊ का. त्या दिवशी कळलं की ते सगळं पुढे जात होतं. मी वाटेतला होतो.

मी लाल पेन काढलं आणि शेरा मारला: 'अर्जदार सज्ञान आहे. निर्णय स्वतः घ्यावा.' खाली सही.

तू कागद वाचलास, घडी घातलीस. "शिफारस नसली तर अर्ज पुढं जात न्हाई. तुमाला माहीत आहे," एवढंच म्हणालीस आणि तो फाइलला लावलास. पुढच्या वर्षी गुड फ्रायडेच्या आठवड्यात दुसरा अर्ज आला. मग तिसरा. मायना तोच, शेरा तोच. नीता सुटीत आली की हसायची, तुमच्या घरात तर मंत्रालय आहे म्हणायची. बाहेरच्यांना ती गंमत वाटत होती आणि आपण दोघांनी ती गंमतच ठेवली. भांडलो असतो तर ती गाठ कदाचित सुटली असती.

एका रविवारचं सांगतो. तू इस्त्रीची साडी नेसून निघाली होतीस, पायात एक चप्पल घातली होतीस. मी पेपरातून मान न काढता म्हणालो, आज नको जाऊस. कारण काही नव्हतं. मला फक्त बघायचं होतं, दोघांत तू कोणाचं ऐकतेस. तू माझ्याकडे बघितलंस, चप्पल काढलीस, साडी बदललीस आणि कढी केलीस. तोंड वाकडं नाही, भांड्यांचा आवाज नाही. उलट गुणगुणत होतीस. मला वाटलं, जिंकलो. मग तू ताट वाढताना म्हणालीस, "एका रविवारानं काही बिघडत न्हाई. त्यालाच सांगितलं मी, आज मस्तकाचं दुखून राहिलंय, घरी थांबते."

त्याच्याच परवानगीनं तू माझं ऐकलं होतंस. कढी चांगली झाली होती. मला गिळवली नाही.

तू त्याच्याशी बोलायचीस तो आवाज मला कधी मिळाला नाही. मोरीत भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, अर्ध्याच आवाजात. त्यात विनंती कमी आणि तक्रारी जास्त असायच्या, आणि मध्येच हसणं. मी दाराशी आलो की तू थांबायचीस. नवऱ्याला बघून बायको बोलणं थांबवते, आणि समोर कोणीच नसतं. या प्रकाराला नाव ठेवायला मला इतक्या पुस्तकांत एक शब्द सापडला नाही.

तुमच्या मंडळीत बायांनी पुढे उभं राहून उपदेश करायचा नाही, असा नियम. साक्ष मात्र द्यायला हरकत नाही. पास्टरचा उपदेश वीस मिनिटं चालायचा आणि तुझी साक्ष चाळीस. मी आत कधी आलो नाही, पण बऱ्याच रविवारी बाजारात भाजीच्या निमित्तानं गोदामामागे स्कूटर लावून ऐकायचो. कर्णा होताच, देव बहिरा नाही हे तुमच्या मंडळीला कोणी सांगितलेलं नव्हतं. एकदा तू माझ्यावर बोललीस. म्हणालीस, "लोकांचे नवरे हुकूम सोडतात अन् बाया रडतात. माझ्या मस्तकाच्या तोंडातून हुकूम काढायला मला चिमटा लावावा लागतो." गोदाम हसलं. बाया सगळ्यात मोठ्यानं हसल्या. मी हातात मेथीची जुडी घेऊन उभा होतो आणि त्या शंभर माणसांवर जळत होतो. घरी तू माझ्याबद्दल असं कधी बोलली नव्हतीस.

तू मऊ होतीस असं सभेत सगळे म्हणाले. मंडळीतल्या सुनंदाची गोष्ट कोणी काढली नाही. तिच्या नवऱ्यानं तिचा हात मोडला तेव्हा पास्टरनं तिला आधीनतेवर समजावलं आणि घरी पाठवलं. ती तुझ्याकडे प्लास्टर घेऊन आली. तू पास्टरला आपल्या ओसरीवर बोलावून घेतलंस. त्याला 'पास्टर' म्हणालीस, चहा दिलास, आणि सांगितलंस की ज्यानं तिचं हाड मोडलं तो तिचं मस्तक नव्हे. मस्तक आपल्याच अंगाला मारत नसतं. मग सुनंदाला घेऊन पोलीस चौकीत गेलीस. संध्याकाळी मी टोमणा मारला, की आज आधीनता सुटीवर होती वाटतं. तू म्हणालीस, "आधीन मी देवाच्या आहे. माणसाला त्यातलं जेवढं पेलतं तेवढंच द्यायचं."

मला किती पेलतं असं तुला वाटायचं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

पाचव्या की सहाव्या अर्जाच्या वेळी पास्टर स्वतःच म्हणाला होता, सिस्टर, गुरुजी विश्वासणारे नाहीत, त्यांच्या परवानगीची गरज नाही, देवाचं आधी. तू ऐकलं नाहीस. मला त्या दिवशी प्रथमच त्या पास्टरबद्दल माया वाटली. दोघं मिळून तुझ्यापुढे हरलो होतो. घरी येऊन तू मला सांगितलंस, "तुमी 'न्हाई' म्हणले असते ना, तर मी दुसऱ्या दिवशी गेले असते. देवाला आडवं आलं की नवऱ्याचं ऐकायचं नसतं. 'हो' म्हणले असते तरी गेले असते. तुमी दोन्ही म्हणून न्हाई राहिले. काहून अडवून राहिले मला?"

मी समानतेवर काहीतरी बोललो. चांगलं बोललो असेन, मला त्याची सवय होती.

आता तू ऐकायला नाहीस, तेव्हा खरं लिहितो. त्यात तत्त्व वगैरे नव्हतं. कुठलाही एक शब्द बोललो असतो तर तुझा कागद सुटला असता, आणि मग मी 'मार्फत'सुद्धा उरलो नसतो. तो अडकला होता तोवर दरवर्षी एकदा तुला माझ्या टेबलाशी यावं लागत होतं, आणि तुझ्यामागून त्यालाही. विश्वाच्या मालकाला जवळा बाजारातल्या एका माणसाच्या शेऱ्यासाठी थांबून राहावं लागत होतं. एवढा मोठा अधिकारी मी नोकरीत कधी झालो नव्हतो. मोठेपणा मिरवणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली, तुझ्या पास्टरच्या फ्लेक्सची तर रोज केली. आणि हे माझं घरात चाललं होतं, लाल पेनानं.

मागच्या वर्षी तुझ्या पोटात पाणी व्हायला लागलं. नीताच्या घराजवळच्या दवाखान्यात रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरच्या आधी तूच ते वाचलेस आणि घडी घालून पिशवीत ठेवलेस. परतताना जीपमध्ये म्हणालीस, "मी बाहेरून पाणी मागून राहिले होते. आतून आलं." त्या वर्षीचा अर्ज नववा. तेव्हा तू चालत होतीस, सिद्धेश्वरच्या धरणापर्यंत आरामात गेली असतीस. मी शेरा मारला: 'अर्जदार सज्ञान आहे. निर्णय स्वतः घ्यावा.' आता हो म्हणालो तर तू मरणार हे मान्य केल्यासारखं होईल, असं मी स्वतःला सांगितलं. मेल्यावर ती त्याच्याकडे जाणारच आहे, आता तरी माझ्याकडे राहू दे, असंही मनात होतं. दुसरं जास्त होतं.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू एका सकाळी माझा हात धरून विचारलंस, "अवो, जाऊ का मी?" शेंगा सोलताना विचारलं होतंस त्याच आवाजात.

मी म्हणालो, "नाही. नको जाऊस."

तू डोळे उघडून बघितलंस. मला वाटतं तू हसलीस. त्या रविवारच्या हुकमानंतर माझ्या तोंडून निघालेला हा दुसरा. डॉक्टर म्हणाले होते दिवसभराचं आहे. तू चार दिवस राहिलीस. शरीराचं असं होतं, त्याला वैद्यकीय कारणं असतात, ती मी डॉक्टरकडून विचारून घेतली आहेत. पण तुझा श्वास प्रत्येक वेळी दारापर्यंत जाऊन परत येत होता, आणि चप्पल काढून ठेवल्यासारखा येत होता. ते मला बघवत नव्हतं. त्या पत्रातला बायकोसाठी जीव द्यायचा अर्धा भाग माझ्याकडे होता. मी तर तुझाच जीव अडवून बसलो होतो.

पाचव्या दिवशी सकाळी नीताला जवळ्याला पाठवून फाइल मागवली. ती अकराच्या सुमारास आली. नववा अर्ज काढला, माझा शेरा आडवी रेघ मारून खोडला, खाली लिहिलं: 'शिफारशीसह सादर.' सही केली. तुला हाक मारली, चष्मा तुझ्या नाकावर ठेवला आणि कागद समोर धरला. तू तो पेशंटच्या केसपेपरसारखा वाचलास, वरून खाली, घाई न करता. ओठ हलले. मी कान जवळ नेला. आयुष्यभर जे ऐकायचं राहिलं ते आता ऐकू येईल असं मला वाटलं.

"तारीख न्हाई टाकली," तू म्हणालीस.

मी तारीख टाकली. तू डोळ्यांनी हो केलंस. नीता तोंडाला ओढणी लावून खिडकीकडे वळली; ती रडत होती की हसत होती, मला अजून कळलेलं नाही. दोन वाजता तू गेलीस.

शिफारस कशाची केली, बाप्तिस्म्याची की जाण्याची, हे मी बोललो नाही. तूही विचारलं नाहीस. कागदावर जो विषय आहे तो आहे.

सभा संपल्यावर पास्टर माझ्याजवळ आला. भाषणातला आवाज उतरला होता, मोटारीचं काम सांगायला यायचा तसा उभा होता. म्हणाला, गुरुजी, तुमची परवानगी असेल तर मंडळीच्या वहीत सिस्टरचं नाव बाप्तिस्मा झालेल्यांत लिहितो. पाण्यात उतरल्या नाहीत, पण त्यांच्यासारखं मागितलं कोणी. त्याचे डोळे भरलेले होते. तेवढ्यापुरता फ्लेक्स मी त्याला माफ केला. पण म्हणालो, आत्ता नका लिहू. अर्ज योग्य मार्गानं वर गेलाय. तिला मधल्यांनी परस्पर दिलेलं चाललं नसतं.

तुमचा आता थेट पत्रव्यवहार असेल. मोरी नाही, दाराशी मी नाही, बोलणं थांबवायचं कारण नाही. तू तिथे त्याच्या कामातही चुका काढत असशील आणि तो ऐकून घेत असेल. याचा मला जितका हेवा वाटतो तितका आयुष्यात कशाचा वाटला नाही. वाटला असेल तर तोही त्याचाच. तुझ्या साड्या नीतानं वाटून टाकल्या. एक मी मागून ठेवली, पदराला पिवळं लागलेली. धुवायला टाकलेली नाही.

नववा अर्ज टेबलावर आहे, त्यावर तुझा चष्मा ठेवला आहे. नीता म्हणते, बाबा, फाइलला लावून टाका आता. मी लावत नाही. पोच आल्याशिवाय मी कागद फाइलला लावत नाही, तुला माहीत आहे.